यजमानांची पंगत

"विजूताई, कल्पना म्हंजे केवढी पायजे ओ?"

भूपाल अण्णांनी हे विचारलं तेव्हा मी बुकिंगच्या टेबलाशी बसून एका वधूपित्याला मार्गशीर्षातले रिकामे मुहूर्त सांगत होते. अण्णा खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत उभे होते. पाहुण्यांसमोर असलं काही विचारू नये हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण अडला हरी म्हणतात तसं झालं होतं. पुढची म्हण माझ्याच अंगावर येते म्हणून ती सोडून देते.

"केवढी म्हणजे?" मी म्हटलं.

"म्हंजे वीतभर, का हातभर? हसीनानं दिली म्हणत्यात. मलकारी आचाऱ्यानं तर दोन दिल्या. माझ्याच डोक्यात काय येईना झालंय. घरात आक्का म्हणती, झोपा की ओ, कसला विचार करालाय."

वधूपिता माझ्याकडे आणि अण्णांकडे आळीपाळीनं बघायला लागले. मी अण्णांना म्हटलं, "संध्याकाळी बोलू. एवढं काय घाबरायचं?"

"घाबरू न्हाई तर काय करू? कल्पना न्हाई तर हंगामाला नाव न्हाई, असं वहिनीसाहेब बोलल्यात."

ते खरं होतं. वहिनी तसं बोलल्या होत्या.

मिरजेत शेडबाळ्यांच्या मंगल कार्यालयात मी तेव्हा बुकिंग बघायचे. कार्यालय आप्पासाहेब शेडबाळ्यांनी बांधलेलं. त्यांची सून केतकी वहिनी पुण्याहून व्यवस्थापनाचं शिकून आल्या होत्या, आणि आल्या आल्या त्यांनी कारभार हातात घेतला होता. कारभार घेणारी सून म्हटलं की लोकांच्या भुवया आपोआप वर जातात. पण केतकी वहिनी वाईट नव्हत्या, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मालकाला जे दिसत नाही ते रोज राबणाऱ्याला दिसतं. मग त्याला विचारायला काय हरकत आहे? माझी काहीच हरकत नव्हती. मला तर आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं.

कल्पना टाकायला पेटी लागते. आमच्याकडे एक पेटी नुसतीच पडून होती. 'कृपया आहेर आणू नयेत' असं लोक पत्रिकेत छापायला लागल्यापासून आहेराच्या पेटीला काम उरलं नव्हतं. वहिनींनी ती पुसून घेतली, तिच्यावरचा लाल साटिनचा झगा काढला आणि 'कल्पना तुमची, प्रगती सर्वांची' असा कागद चिकटवला. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो. त्याआधी प्रत्येकानं निदान एक कल्पना द्यायची. खर्च किती, सोय किती आणि नवेपणा किती, असे तीन बाजूंनी गुण. पहिल्या नंबराचा भर मांडवात सत्कार. आणि जो एकही कल्पना देणार नाही, त्याला कामात रस नाही असं धरून हंगामाच्या कामातून वगळायचं.

बाकीच्यांनी पटापट दिल्या. झाडलोट करणाऱ्या हसीनानं सुचवलं की अक्षतांच्या तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या द्या, तांदूळ गालिच्यात अडकून बसतात. मलकारीनं सुचवलं की स्वयंपाकघरात पंखा लावा, आणि दुसरी कल्पना म्हणून सुचवलं की तो पंखा मोठा लावा. राहिले फक्त अण्णा.

भूपाल अण्णा आमचे मुख्य वाढपी. पण वाढपी म्हणजे नुसता वाढणारा असं ज्यांना वाटतं, त्यांनी अण्णांची पंगत बघितलेली नाही. अण्णा आग्रह करायचे. ते त्यांचं काम होतं, आणि त्या कामाला मिरजेत दुसरा माणूस नव्हता. जिलेबीची परात डाव्या हातावर घेऊन ते पंगतीत शिरले की बसलेली माणसं सरसावून बसायची. "मामा, लेकीकडचं हाय, न्हाई म्हणायचं न्हाई." "पावणं, कमरेचा पट्टा कशाला बांधून आलाय?" कुणी ताटावर आडवा हात धरला की अण्णा हाताकडे बघायचे, तोंडाकडे नाही.

मला एकदा त्यांनी समजावून सांगितलं होतं. "बोटं मिटल्याली असली तर खरंच नको असतंय. तिथनं गप पुढं जायचं. बोटं फाकल्याली असली तर तोंडानं नको, मनानं व्हय. त्या फटीतनं सोडायची खाली."

"आणि आधी विचारून घेतलं तर?"

"वाढू का म्हणून?" अण्णांनी असा चेहरा केला की जणू मी जिलेबीत मीठ घातलं. "वाढू का म्हणून इचारणारा वाढपीच न्हवं. इचारलं की पावणा उपाशी उठतोय. मानसाला व्हय म्हणायची लाज वाटती, ताई. ती लाज आपुन झाकायची."

अशा माणसाला कल्पना द्या म्हणून कोपऱ्यात गाठलं होतं. आक्का, म्हणजे त्यांची बायको, घरी काळजीनं अर्धी झाली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. सकाळी उठून पांढरं धोतर नेसायचं आणि कार्यालयाकडे चालू लागायचं, हेच अण्णांचं सगळं होतं. हंगामात नाव नाही तर त्या माणसानं करायचं काय, हा प्रश्न मला सुटत नव्हता.

त्याच आठवड्यात एक साखरपुडा होता. जेवणं उरकली, माणसं पांगली. हसीना खुर्च्या एकावर एक रचत होती आणि त्यांचा खडखडाट चालला होता. मी हिशेबाला मुलीच्या वडिलांना शोधत आत गेले तर ते एका कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटेच बसले होते. समोर गार पुरी, वर साय धरलेली बटाट्याची भाजी. कुणीतरी येऊन सारखं विचारत होतं, "काका, त्या हारांची पिशवी कुठंय?" आणि ते तोंडातला घास तसाच ठेवून हातानं दिशा दाखवत होते.

अण्णांनी ते बघितलं. तसेच आत गेले, मलकारीला विझत आलेली शेगडी पुन्हा पेटवायला लावली आणि फुगलेल्या चार पुऱ्या घेऊन आले. गार पुरी उचलली, गरम ठेवली. मग जिलेबी आणली. "आता तुमची पाळी, साहेब. सगळ्यास्नी जेवू घातलासा, आता कोण काय इचाराला आलं तर मी हाय." आणि खरंच ते त्या टेबलाशी दार अडवल्यासारखे उभे राहिले. त्या गृहस्थांनी मान खाली घालून जेवण केलं. जेवता जेवता एकदा डोळे पुसले. मुलगी जाणार म्हणून की पुरी गरम म्हणून, कुणास ठाऊक.

ते गेल्यावर अण्णा मला म्हणाले, "हे असंच असतंय बगा. ज्याच्या घरचं कार्य, त्यालाच गार खायाला लागतंय. ह्यांचीबी एक पंगत पायजे, ताई. सगळ्यात शेवटची असूदे, पर गरम. आनि आग्रह कराय कोणतरी उभा पायजे."

"अण्णा!" मी जवळजवळ ओरडलेच. "ही झाली की कल्पना!"

"ही?" अण्णा चमकले. "ही कसली कल्पना? हे तर नुसतं वाईट वाटणं हाय."

मी त्यांचं काही ऐकलं नाही. तिथंच बसून कागदावर उतरवलं, त्यांची सही घेतली. पेटीत कागद टाकताना अण्णांनी सवयीनं पेटीला नमस्कार केला, आहेर टाकल्यासारखा. मग दोघंही खूप हसलो. मला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना मी उगाचच पेढे घेतले.

कल्पना तपासायला आम्ही तिघं बसलो. वहिनी वाचणार, मी गुण मांडणार, आणि आप्पासाहेब वर्तमानपत्र तोंडासमोर धरून अध्यक्ष. मलकारीच्या पंख्याला सोयीत चांगले गुण पडले, नवेपणात अगदीच वाईट. मग वहिनींनी अण्णांचा कागद घेतला. वाचला. पुन्हा वाचला. आणि गुण सांगायचंच विसरल्या.

"काय झालं, वहिनी?" मी विचारलं.

"माझ्या लग्नात बाबा जेवलेच नाहीत," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी गाडीत बसताना मी विचारलं, तर म्हणाले, जेवलो की गं. पण नंतर आई म्हणाली की ताट तसंच होतं." मग कागदाकडे बघत म्हणाल्या, "विजूताई, हे कुठल्याच कार्यालयात नाही. कुणाला सुचलंच नाही."

तिन्ही बाजूंनी पूर्ण गुण. आप्पासाहेबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "कुणाची म्हणालीस?"

"भूपाल अण्णांची."

"भूपाल्याला कल्पना सुचली?" आप्पासाहेब खुदकन हसले. दोघं एका वयाचे, एका गल्लीत वाढलेले. कार्यालयाची पहिली पंगत अण्णांनीच वाढली होती. "मग त्याचा सत्कार जोरात झाला पाहिजे. शाल मी आणतो. माझी ठरलेली शाल आहे."

ठरलेलीच होती. तपकिरी काठाची, एकाच दुकानातली. आप्पासाहेबांना नवं काही शोधायचा कंटाळा, एवढंच मला तेव्हा वाटलं.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी संध्याकाळी, अंगणातल्या तुळशीला अंतरपाट धरून झाल्यावर, आत हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. सगळ्यांना घरच्यांसह बोलावलं होतं. व्यासपीठावर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या होत्या, त्यावर वहिनींनी अण्णांना आणि आक्कांना बसवलं. आक्का नऊवारीत अंग चोरून बसल्या होत्या. अण्णा अशा बेतानं बसले होते की खुर्चीला आपला भार लागू नये. डोक्याला फेटा बांधला. इतकी वर्षं ज्या खुर्च्यांसमोरून परात घेऊन धावले त्यातल्याच एकीवर बसलेले अण्णा बघून मलकारीनं शिट्टी मारली, आणि हसीनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

वहिनींनी थोडक्यात कल्पना सांगितली. मग म्हणाल्या, "आता आप्पा दोन शब्द बोलतील आणि शाल-श्रीफळ देतील."

आप्पासाहेब उठले. घसा साफ केला.

"भूपाल कोगनोळे यांनी या वास्तूची प्रदीर्घ सेवा केली," ते म्हणाले. "ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही. त्यांच्या जाण्यानं आमच्यात पोकळी निर्माण होईल. परंतु वय कुणाला चुकलेलं नाही..."

हे भाषण मी ऐकलं होतं. जुन्या पहारेकऱ्याला निरोप दिला तेव्हा ऐकलं होतं, मलकारीच्या आधीच्या आचाऱ्याला घरी पाठवलं तेव्हा ऐकलं होतं. आप्पासाहेबांना आयुष्यात एकच भाषण पाठ होतं. फेटा, शाल, नारळ आणि हे भाषण, असा आमच्याकडे सत्कार व्हायचा. आणि तो ज्याचा ज्याचा झाला तो दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नव्हता. आमच्यापैकी एकालाही शालीचा दुसरा कुठला उपयोग माहीत नव्हता.

"विजूताई," वहिनी माझ्या कानाशी पुटपुटल्या, "आप्पा हे काय बोलताहेत? थांबवा ना त्यांना."

"तुम्ही थांबवा, वहिनी."

"मी कशी थांबवू? सगळ्यांसमोर? सासरे आहेत ते."

त्या सून होत्या आणि मी नोकर. दोघी आपापल्या जागी उभ्या राहिलो. आप्पासाहेब रंगात आले होते. "...उर्वरित आयुष्य त्यांनी सौभाग्यवतींसह सुखासमाधानात, विश्रांतीत घालवावं, अशी आदिनाथ भगवंताच्या चरणी प्रार्थना करतो." टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांनीही हे भाषण आधी ऐकलेलं होतं, म्हणून त्या जरा जपूनच पडल्या.

मी अण्णांकडे बघत होते. भाषणाच्या सुरुवातीला ते हसत होते. मग हसू तसंच राहिलं, फक्त डोळे आप्पासाहेबांवरून सरकून हॉलच्या मागच्या दाराकडे गेले, जिथून वाढप्यांची ये-जा चालते. शाल खांद्यावर पडली तेव्हा त्यांनी वाकून आप्पासाहेबांच्या पायांना हात लावला. आप्पासाहेबांनी त्यांना उठवून मिठी मारली. दोघांचेही डोळे भरले होते. फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टीसाठी रडत होते.

मग पंगत. अण्णा-आक्कांच्या ताटाभोवती रांगोळी, उदबत्ती. आम्ही सगळे वाढायला. मलकारी जिलेबी घेऊन आला, "अण्णा, आज सोडणार न्हाई तुमास्नी." अण्णांनी ताटावर हात आडवा धरला. बोटं घट्ट मिटलेली होती. मलकारीनं तरी दोन वाढल्या. त्या तशाच राहिल्या.

उठल्यावर अण्णा स्वयंपाकघरात गेले. खांद्यावरचा पंचा काढला, झटकला, नीट घडी घालून मलकारीच्या हातात दिला. "परात घासून पालथी ठेवा. सरळ ठेवली की धूळ बसती," म्हणाले, आणि आक्कांना घेऊन गेले. मी मागून हाक मारणार होते, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "राहू दे, आज दमलेत. उद्या मी समजावून सांगते." मलाही तेच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहिला मुहूर्त होता. अण्णा आले नाहीत.

पंगती कशाबशा उरकून मी त्यांच्या घरी गेले. दार सताड उघडं, आत शेजारपाजारचे. शाल खुर्चीच्या पाठीवर अंथरली होती आणि लोक तिला हात लावून बघत होते. आक्कांनी मला हळदकुंकू लावलं, लाडू दिला. अण्णा नवा सदरा घालून पाहुण्यासारखे आपल्याच घरात बसले होते.

"अण्णा, काय हे? मुहूर्त होता आज."

"माहीत हाय की. दोन पंगती बसल्या असतील." मग हळूच विचारलं, "मठ्ठा पुरला?"

"अण्णा, तो सत्कार कल्पनेचा होता. तुम्हाला कुणी घालवलेलं नाही. आप्पासाहेबांना दुसरं भाषण येत नाही म्हणून..."

"ताई," त्यांनी मला मध्येच थांबवलं, "तुमी मायेनं बोलालाय. पर मला कळतंय. कल्पनेचं कशाला पायजे त्यास्नी? म्हाताऱ्याला तोंडावर जा म्हणायला जड वाटलं, म्हणून एवढा मान दिला. थोर मनाची माणसं. असा निरोप कुणाचा झालाय?"

"निरोप नव्हता तो, अण्णा!"

"मग आप्पासाहेबांनी सांगावा धाडलाय का?"

मी हातातला लाडू मोडत बसले.

"न्हाई न्हवं? मला ठेवायचंच असतं, तर सकाळी मी आलो न्हाई म्हणल्यावर माणूस आला असता. आनि आता जाऊ कसा मी? सगळ्या गल्लीला ठावं झालंय. शाल घेऊन परत परात धरली तर लोक म्हणतील, कोगनोळ्याला मान पचला न्हाई."

तिथून उठले ती तडक आप्पासाहेबांच्या बंगल्यावर गेले. आप्पासाहेब झोपाळ्यावर होते. मी सगळं सांगितलं, अगदी भाषणासकट. एरवी मी त्यांच्यासमोर इतकं बोलले नसते.

"मी चुकून बोललो म्हणतेस?" आप्पासाहेबांनी पायानं झोपाळा थांबवला. "बोललो असेन. तोंडाला बसलंय ते. पण विजू, तो हसत होता की. पाया पडला, मी मिठी मारली. त्याला नको असतं तर तिथंच म्हणाला असता, आप्पा, मी कुठं चाललोय? लहानपणापासूनचा आहे तो, मला काय परका आहे?"

"तुम्ही एकदा या म्हणा, आप्पासाहेब. एक फोन करा."

"आणि म्हातारपणी त्याला पुन्हा राबायला बोलावू? गेली दोन वर्षं त्याचे गुडघे दुखतात, मला दिसत नाही होय? मला वाटलं, चला, मानानं सुटला. आता मी बोलावलं की तो नाही म्हणणार नाही, मला ओळखून आहे. नको. यायचं असेल तर येईल. मंडपाला काय दार असतं?"

झालं. एकाला वाटत होतं याला जायचंय, दुसऱ्याला वाटत होतं याला मला घालवायचंय. एक म्हणत होता बोलवा म्हणजे येतो, दुसरा म्हणत होता ये म्हणजे ठेवतो. दोघांनाही एकमेकांची इतकी काळजी होती की त्या काळजीतून वाट निघेना. मी आठवडाभर त्या दोन घरांमध्ये हेलपाटे घातले. इकडचं तिकडे सांगितलं, तिकडचं इकडे. दोघंही माझं मायेनं ऐकून घ्यायचे आणि विश्वास ठेवायचे नाहीत.

शेवटी वहिनी स्वतः गेल्या. मी बरोबर होते. आक्कांनी मालकीणबाई घरी आल्या म्हणून पाट मांडला, खणानारळानं ओटी भरली. अण्णा उभेच राहिले. वहिनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "वहिनीसाहेब, सगळं तुमच्यामुळं झालं. जन्मात खुर्चीवर बसलो नसतो, तुमी बसवलासा. आक्का तर रोज दिष्ट काढती त्या शालीची." त्यावर काय बोलणार? आता जर सांगितलं की ते सगळं चुकून झालं, तर अण्णांचा मानही गेला असता आणि हातात काही आलंही नसतं. वहिनींनी भरलेली ओटी सावरली आणि आम्ही परत आलो. बुकिंगच्या खोलीत त्या रडल्या. "मी चांगलंच करायला गेले होते ना, विजूताई?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते खरंच होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

कल्पनांची पेटी पुढच्या वर्षीही ठेवली. पण कार्यालयात आता एकच गोष्ट सगळ्यांना पक्की कळली होती: ज्याची कल्पना पहिली येते तो घरी जातो. मग प्रत्येकानं जिवाच्या आकांतानं भिकार कल्पना दिल्या. पिण्याच्या पाण्याजवळ पेले ठेवावेत. रात्री दिवे लावावेत. मलकारीनं पंखा परत न्यावा असं सुचवलं. वहिनी एकेक कागद वाचत गेल्या आणि एकालाही गुण न देता पेटी माळ्यावर टाकायला सांगितली.

यजमानांची पंगत मात्र चालली. नुसती चालली नाही, तिनं कार्यालयाचं नाव केलं. लोक तेवढ्यासाठी आमच्याकडे तारीख मागायला लागले. सांगली-मिरजेतल्या बाकीच्या कार्यालयांनीही ती उचलली. ती कुणाला सुचली, हे हळूहळू कुणी विचारेनासं झालं. आप्पासाहेब गेले तेव्हा अण्णा तीच शाल पांघरून आले, सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि कुणाशी न बोलता परतले.

माझ्या मुलीचं लग्न त्याच कार्यालयात झालं. वहिनींनी दुसरीकडे करूच दिलं नाही. मी अण्णांना आणि आक्कांना घरची माणसं म्हणून बोलावलं आणि हट्टानं शेवटच्या पंगतीला आमच्याबरोबर बसवलं. अण्णा आता खूप वाकले होते. फेटा नव्हता, पण शाल होती. गरम पुऱ्या आल्या. दिवसभरात पहिल्यांदा मी बूड टेकून बसले होते, आणि पोरगी जाणार म्हणून घास आत जात नव्हता.

नवा वाढपी आला. स्वच्छ पोशाख, छातीवर नावाची पट्टी. "मॅडम, जिलेबी वाढू का?"

"नको रे," मी म्हटलं आणि ताटावर हात आडवा धरला.

"बरं, मॅडम," तो म्हणाला आणि पुढे गेला.

अण्णा माझ्या हाताकडे बघत होते. तेव्हा मीही बघितलं. माझी बोटं फाकलेली होती. किती वेळ, मला माहीत नाही.

अण्णांनी आपल्या ताटातली, अजून हात न लावलेली जिलेबी उचलली. हात माझ्या ताटापर्यंत आला. शालीचा काठ पुढे घसरला तसा तो मध्येच थांबला. त्यांनी काठ मागे टाकला, आणि इतकी वर्षं जे कुणाला कधी विचारलं नव्हतं ते मला विचारलं.

"ताई, वाढू का?"

मला हो म्हणायचं होतं, अगदी मनापासून म्हणायचं होतं. पण शब्दाआधी डोळ्यांत पाणी आलं, आणि ते झटकायला मी मान आडवी हलवली.

"बरं," अण्णा म्हणाले, आणि जिलेबी परत आपल्या ताटात ठेवली.